थ्रश जातच नाहीये! निपलची आग आणि बाळाच्या तोंडातली बुरशी पुन्हा पुन्हा

भांडुपची_लेक | ९ जुलै, रात्री २:५०

मुलगी अडीच महिन्यांची आहे. सिझेरियन झालं, त्यामुळे सुरुवातीलाच मला अँटिबायोटिक्स होती. पहिले काही आठवडे निपलला चिरा पडल्या होत्या, त्या भरल्या आणि मधे बरेच दिवस पाजताना काही त्रास नव्हता. मग अचानक दोन्ही बाजूंना आग व्हायला लागली. निपल गुलाबी, चकचकीत दिसतात, गाऊनचा स्पर्शही नको वाटतो. पाजताना दुखतंच, पण पाजून झाल्यावर आतून सणक मारते ती थेट पाठीपर्यंत जाते. बाळाच्या जिभेवर पांढरा थर आहे, गालांच्या आतल्या बाजूलाही ठिपके आहेत.

बाळाच्या डॉक्टरांनी थ्रश, म्हणजे बुरशीचा संसर्ग, सांगितलं. तिला तोंडात लावायचं औषध, मला क्रीम. आठवडाभरात फरक पडला, औषध संपलं आणि सगळं परत आलं. पुन्हा तेच औषध, पुन्हा फरक, पुन्हा आग. मधे एकदा रविवार होता म्हणून कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून ट्यूब आणली, तिने दोन दिवस छान वाटलं आणि नंतर जास्तच वाढलं.

सासूबाई टाकणखार आणि मध लावू म्हणतात. आई म्हणते गोड बंद कर, डिंकाचे लाडू खाऊ नकोस. नवरा म्हणतो एवढं रडत पाजण्यापेक्षा वरचं दूध सुरू करू. मला पाजायचं आहे. बाळ तोंड उघडून जवळ येतं तेव्हा माझे खांदे आपोआप वर जातात, दात आवळले जातात, आणि याचंच मला जास्त वाईट वाटतं.

कोणाला असं पुन्हा पुन्हा झालंय का? कशाने थांबलं?

---

माटुंगा_मोगरा | ९ जुलै, सकाळी ७:१०

अगं, आधी तुला घट्ट मिठी. हे दुखणं बाहेरून कोणाला दिसत नाही, म्हणून घरातल्यांना त्याचा अंदाज येत नाही.

काही प्रश्न. तुमचं दोघींचं औषध एकाच दिवशी सुरू झालं होतं का? माझ्या वेळी आधी फक्त बाळाला दिलं, मला चार दिवसांनी क्रीम मिळालं. तोवर बुरशी तिच्या तोंडातून माझ्याकडे आणि माझ्याकडून परत तिच्याकडे जात राहिली. दुसरं, बाळाला लंगोटाच्या जागी लाली आहे का? आणि चोखणी, बाटली, पंप यातलं काही वापरतेस का?

---

गिरगावकर_काकू | ९ जुलै, सकाळी ९:३५

बाळे, मी महापालिकेच्या प्रसूतिगृहात परिचारिका होते, आता निवृत्त आहे. आधी एक गोष्ट हात जोडून सांगते. टाकणखार आणि मध, दोन्ही नको. आमच्या घरातही आजी टाकणखाराची लाही करून मधात कालवून बाळाच्या जिभेवर फिरवायची, तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, तान्ह्याच्या पोटात गेला तर विषारी आहे. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात, त्यातून बाळाला बोटुलिझम होतो. अंग लुळं पडतं, श्वासाचे स्नायूही दुबळे होतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचाच नाही, बाळगुटीतूनसुद्धा नाही. तुझ्या सासूबाईंना माझं नाव सांग, म्हणावं एका म्हातारीनेच सांगितलंय. त्या मायेनेच म्हणतायत, त्यांच्याशी भांडू नकोस.

आता बाळाचं तोंड. फक्त जिभेवर पातळ पांढरा थर असेल आणि ओल्या मऊ फडक्याने हलकेच पुसल्यावर निघत असेल तर ते दूध. त्याला औषध लागत नाही. गालांच्या आत, हिरड्यांवर, ओठांच्या आतल्या बाजूला चिकटलेले ठिपके असतील आणि पुसून निघत नसतील तर ती बुरशी. खरवडून काढायला जायचं नाही, खालची त्वचा सोलवटते आणि रक्त येतं. तू गालांत ठिपके लिहिलेस म्हणजे बाळाला बुरशी असावी. लंगोटाची लाली जांघेच्या घडीत शिरली असेल आणि कडेला सुटे लाल पुरळ असतील तर तीही बहुतेक हीच, कॅन्डिडा. ती तोंडातून पोटात आणि तिथून शीच्या जागी जाते.

गोड बंद करून बुरशी जात नाही. मधुमेह असेल तर मात्र साखर आटोक्यात ठेवायला हवी. गरोदरपणात तुला साखर निघाली होती का? निघाली असेल तर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा ग्लुकोज पिऊन तपासणी करायची असते. बाळाच्या गडबडीत बहुतेक बाया ती विसरतात. बुरशी सारखी उलटत असेल तर ही तपासणी पहिली.

आणि लाडू खा. बाळंतिणीचं अन्न काढून घेऊ नये कोणी.

---

परळचा_फार्मासिस्ट | ९ जुलै, दुपारी १२:०५

केमिस्टकडची ट्यूब "दोन दिवस छान आणि मग जास्त" हे वाचून लगेच लिहितोय. ट्यूबवर बारीक अक्षरात घटक असतात ते वाचा. बेक्लोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल यातलं काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. आपल्याकडे बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकाच ट्यूबमध्ये घालून विकतात आणि लोक खाजेसाठी, गजकर्णासाठी सर्रास लावतात. स्टेरॉइडने लाली आणि आग लगेच उतरते, पण बुरशी तशीच राहते, उलट फोफावते. त्यात निपल ही बाळाच्या तोंडात जाणारी जागा.

स्टेरॉइड नेहमी वाईट असतं असं मी म्हणत नाही. निपलला एक्झिमा असेल तर डॉक्टर मोजक्या दिवसांसाठी सौम्य स्टेरॉइड देतात आणि ते योग्यच असतं. पण ते कोणीतरी बघून ठरवायचं, काउंटरवरून नाही.

बाळाच्या औषधाबद्दलही. आपल्याकडे बहुतेक वेळा क्लोट्रिमॅझोलचं पातळ औषध किंवा निस्टॅटिनचे थेंब देतात. दूध पाजून झाल्यावर लावायचं म्हणजे ते तोंडात टिकतं. नुसतं जिभेवर टाकून उपयोग नाही, गालांच्या आत स्वच्छ बोटाने फिरवा. मायकोनॅझोलचं घट्ट जेल मात्र चार महिन्यांखालच्या बाळाला स्वतःहून देऊ नका, चमच्याने तर मुळीच नाही. ते घशात अडकून श्वास कोंडू शकतो. पांढरं दिसायचं बंद झालं म्हणून त्याच दिवशी औषध थांबवू नका, डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करा. उलटण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे.

---

भांडुपची_लेक | ९ जुलै, दुपारी ३:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. ट्यूब बघितली, बेक्लोमेटासोन आहे. टाकून दिली. काकू, सासूबाईंना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्या गप्प बसल्या आणि मग "बरं, नको" म्हणाल्या.

मोगरा, माझं आणि बाळाचं औषध वेगवेगळ्या दिवशी सुरू झालं होतं. लाली आहे, काकू म्हणतात तशीच घडीत. पंप दिवसातून एकदा वापरते. गरोदरपणात साखर काठावर होती, नंतरची तपासणी राहिली आहे.

काल दुसऱ्या डॉक्टरांना फोनवर विचारलं, त्यांनी मला फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या लिहून दिल्या आहेत. आज आणणार. दूध वाढावं म्हणून डोमपेरिडोनही चालू आहे, ते आधीच्या डॉक्टरांचं.

---

परळचा_फार्मासिस्ट | ९ जुलै, दुपारी ३:३१

ताई, थांबा. दोन्ही गोळ्या एकत्र घेऊ नका.

फ्लुकोनॅझोलमुळे शरीरात डोमपेरिडोनचा निचरा मंदावतो आणि त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं. शिवाय दोन्ही औषधं हृदयाच्या ठोक्यांच्या विद्युत लयीवर परिणाम करतात, आणि एकत्र घेतल्यावर गंभीर अनियमितता येण्याचा धोका आहे. युरोपच्या औषध नियामकांनी २०१४ मध्ये डोमपेरिडोनच्या वापरावर हृदयाच्या याच धोक्यामुळे निर्बंध घातले. फोनवर गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना तुमची दुसरी गोळी माहीत नसणार. आत्ता फोन करा, "माझं डोमपेरिडोन चालू आहे" एवढं एक वाक्य सांगा. कोणतं थांबवायचं, मधे किती अंतर ठेवायचं, ते तेच ठरवतील.

धागा वाचणाऱ्या इतर आयांसाठी: दूध वाढवायला डोमपेरिडोन आणि थ्रशला फ्लुकोनॅझोल, ही दोन चिठ्ठ्यांवरची जोडी आमच्या काउंटरवर येते. एक बालरोगतज्ज्ञांकडून, दुसरी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरांना दाखवा.

---

संपादक मंडळ | ९ जुलै, संध्याकाळी ५:००

विनंती: फ्लुकोनॅझोलचे डोस आणि दिवस कृपया कोणी लिहू नका. दोन प्रतिसाद त्याच कारणासाठी काढले आहेत. बाकी चर्चा उत्तम चालू आहे.

---

दादर_स्तनपान_सखी | ९ जुलै, रात्री १०:४५

मी स्तनपान समुपदेशक आहे. थोडं मोठं लिहिते, कारण उलटणाऱ्या "थ्रश"च्या आया माझ्याकडे सतत येतात आणि त्यातल्या बऱ्याच जणींना फक्त थ्रश नसतो. काहींना तो नसतोच. एकामागून एक ट्यूब संपते, पण आईला पाजताना मात्र कोणी बघितलेलं नसतं.

निपल दुखण्याचं सगळ्यात मोठं कारण बाळाची पकड. बाळ फक्त निपल चोखत असेल तर निपल त्याच्या कडक टाळूवर घासतं, आणि तिथे कितीही क्रीम लावलं तरी पुढच्या पाजण्याला तेच होणार. पाजून झाल्यावर निपल लगेच बघ. गोल, आधीसारखंच असेल तर उत्तम. नव्या लिपस्टिकसारखं एका बाजूने तिरकं, चपटं किंवा वर पांढरी रेघ उमटलेलं बाहेर येत असेल तर पकड उथळ आहे. बाळाचं नाक निपलच्या समोर आण, तोंड मोठं उघडायची वाट बघ आणि मग बाळाला छातीकडे आण. छाती बाळाकडे ढकलायला वाकू नकोस. हनुवटी स्तनाला टेकलेली हवी, खालचा ओठ बाहेर वळलेला हवा, आणि निपलभोवतीचा काळा भाग वरच्या ओठाच्या बाजूला जास्त, खाली कमी दिसायला हवा. पहिल्या काही क्षणांत थोडं ओढल्यासारखं वाटलं तर चालतं. पूर्ण वेळ दुखत असेल तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडव आणि पुन्हा लाव. सिझेरियनच्या टाक्यांमुळे मांडीवर धरणं जमत नसेल तर आडवं होऊन पाज, किंवा बाळाला बगलेखालून धर.

दुसरं, आतून सणक मारते आणि ती पाजून झाल्यावर मारते, हे मला खटकलं. बाळाने सोडल्यावर निपलचा रंग बदलतो का? आधी पांढरा फटक, मग निळसर किंवा जांभळट, मग लाल? असं होत असेल तर तिथल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतायत, म्हणजे व्हासोस्पाझम. ओलं निपल एकदम गार हवेत आलं की हे होतं, आणि उथळ पकडीने निपल चेपलं गेलं तरी होतं. आग, ठणका, सणक सगळं थ्रशसारखंच लागतं, पण बुरशीचं औषध त्याला लागू पडत नाही.

तिसरं, त्वचा. लॅनोलिन (निपलला लावायचं मलम), सुगंधी तेल, डिटर्जंट, सारखं सारखं लावलेलं क्रीम, यांचीही ॲलर्जी येते. चौथं, जिवाणू. चिरा खोल असतील, पिवळी खपली धरत असेल किंवा पाणी येत असेल तर तो वेगळा संसर्ग आणि त्याचं औषध वेगळं.

तुझ्या बाळाला बुरशी आहे असं लक्षणांवरून वाटतं, तिचे उपचार पूर्ण होऊ देत. पण तुझं दुखणं फक्त तिच्यामुळेच आहे असं धरून चालू नकोस.

---

गिरगावकर_काकू | १० जुलै, सकाळी ८:१५

सखीताई, तुमचं बरोबर आहे, पण एक भीती वाटते. "थ्रश नसेलच" असं वाचून कोणी बाळाचं औषध मधेच सोडेल. मध्यंतरी त्रास नव्हता, मग दोन्ही बाजूंना एकदम आग, चकचकीत त्वचा, बाळाच्या गालांत ठिपके, जांघेत लाली, आधी अँटिबायोटिक. एवढं सगळं जुळत असताना आईलाही बुरशी असणारच, असं माझा अनुभव सांगतो.

---

दादर_स्तनपान_सखी | १० जुलै, सकाळी ११:००

काकू, बाळाचं औषध सोडू नये यावर आपलं एकमत. आईच्या निपलबद्दल मात्र आता स्तनपानाच्या डॉक्टरांमध्येच मतभेद आहेत. कॅन्डिडा निरोगी त्वचेवरही सापडते, त्यामुळे ती सापडली म्हणजे दुखण्याचं कारण तीच, असं ठरत नाही. स्तनाच्या आत, दूधनलिकांमध्ये थ्रश होतो का, यावर तर शंका फारच वाढली आहे. म्हणून मी म्हणते, बाहेरून क्रीम लावून अपेक्षेइतका फरक पडला नाही तर तेच औषध जोर वाढवून देण्याआधी पकड, रंग आणि त्वचा बघा. बुरशी आणि व्हासोस्पाझम एकाच वेळी असलेल्या आयाही मी पाहिल्या आहेत.

---

भांडुपची_लेक | १० जुलै, दुपारी १:४०

आत्ता पाजल्यावर मुद्दाम दिवा लावून बघितलं. डावं निपल तिरकं बाहेर आलं आणि पांढरं पडलं, मग जांभळट झालं. सणक त्याच वेळी आली. उजवीकडे रंग बदलत नाही, तिथे फक्त आग आहे. बाळाला घामोळं येतं म्हणून एसी रात्रभर चालू असतो आणि मी पलंगाच्या एसीकडच्या बाजूला बसते.

डॉक्टरांशी बोलले. डोमपेरिडोन बंद करायला सांगितलं आणि फ्लुकोनॅझोल सध्या घेऊ नका, आधी प्रत्यक्ष तपासायला या म्हणाले.

---

कांदिवली_लोकल | १० जुलै, रात्री ९:२०

पांढरं पडणं वाचलं आणि लिहायलाच हवं असं वाटलं. मी सव्वीस आठवड्यांची रजा संपवून बीकेसीला परत रुजू झाले तेव्हा मला हेच होतं, आणि मीही बरेच दिवस बुरशीचं क्रीम लावत होते. माझं दुखणं एसी लोकलमध्ये सगळ्यात जास्त असायचं. अंगावर पावसाने भिजलेला कुर्ता, वरून थंड झोत, आणि अंधेरी येईपर्यंत डोळ्यांत पाणी. ऑफिसात पंप केल्यावरही तसंच. माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी निपलचा फोटो बघून सांगितलं.

मला उपयोगी पडलेलं सांगते. पाजून झाल्या झाल्या निपल उघडं न ठेवता लगेच सुका शेक, गरम इस्त्री फिरवलेला सुती रुमाल चालतो, फक्त गालाला लावून बघायचा, भाजता कामा नये. ओलं फडकं नको, ते गार होतं. निपल उघडे ठेवून हवेत सुकवायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी देतात, तो व्हासोस्पाझममध्ये उलटा पडतो. ओढणी किंवा शाल छातीवर. पंपाचं ओढणं कमी केलं आणि फनेलचा, म्हणजे स्तनावर बसणाऱ्या भागाचा, आकार बदलला, माझा फारच मोठा होता. एवढं करूनही थांबलं नाही तेव्हा डॉक्टरांनी निफेडिपिन दिलं. ते रक्तदाबाचं औषध आहे, चक्कर येऊ शकते, त्यामुळे स्वतःहून अजिबात नाही.

आणि नोकरी करणाऱ्यांसाठी: मातृत्व लाभाच्या तरतुदींप्रमाणे बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा वेगळी सुट्टी मिळते, नेहमीच्या जेवणाच्या सुट्टीशिवाय. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोयही बंधनकारक आहे. मी एचआरला हे लेखी विचारलं तेव्हा मला पंप करायला दार बंद होणारी खोली मिळाली. त्याआधी मी टॉयलेटमध्ये उभी राहून दूध काढत होते.

---

विक्रोळीचा_बाबा | ११ जुलै, सकाळी ६:५५

बाबा म्हणून लिहितो. आमच्याकडे हे मागच्या पावसाळ्यात झालं. औषध बायको आणि बाळ घेत होते, धुणं-उकळणं मी माझ्याकडे घेतलं. पंपाचे दुधाला लागणारे भाग, चोखणी, वाटी-चमचा साबणाने धुऊन रोज उकळायचो. उकळून ओल्याच डब्यात झाकून ठेवायचं नाही, पूर्ण कोरडं होऊ द्यायचं. ब्रेस्ट पॅड ओला झाला की बदलायचा, आम्ही ते दिवस एकदाच वापरायचे घेतले. बायकोच्या ब्रा आणि लंगोट गरम पाण्यात.

खरी अडचण वाळवण्याची. आमच्या चाळीत गॅलरीत दोऱ्या आहेत, पण जुलैत तीन दिवसांनीही लंगोट दमटच असायचे. शेवटी सगळं पंख्याखाली आणि त्यावर कडक इस्त्री. घडीत ओल राहिलेला लंगोट बाळाला घालायचा नाही हा नियम केला. दिवसातून थोडा वेळ बाळाला लंगोटाशिवाय दुपट्यावर ठेवायचो.

भांडुपताईंच्या मिस्टरांना सांगायचंय: वरचं दूध सुरू करू म्हणण्यामागे तुमची काळजी आहे हे समजतं, मीही तेच म्हणायचो. पण रात्री अडीचला उठून शेकाचा रुमाल गरम करून देणं, बाळाचा ढेकर काढणं, दवाखान्यात सोबत जाणं, याने बायकोला जास्त आधार मिळाला.

---

माटुंगा_मोगरा | ११ जुलै, सकाळी १०:३०

बाबा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला पाठवला.

जेन्शियन व्हायोलेटचं काय? आमच्या शेजारच्या आजी ते जांभळं औषध सुचवतात.

---

परळचा_फार्मासिस्ट | ११ जुलै, दुपारी १२:१५

पूर्वी सर्रास वापरायचे. आता टाळा. जास्त प्रमाणात किंवा जास्त दिवस लावलं तर बाळाच्या तोंडात फोड येतात, आणि कॅनडाच्या आरोग्य खात्याने २०१९ मध्ये कर्करोगाच्या शक्यतेमुळे ते न वापरण्याचा इशारा दिला. चांगले पर्याय असताना गरज नाही.

---

भांडुपची_लेक | २ ऑगस्ट, रात्री ११:३०

आज स्तनपान सप्ताहाचा दुसरा दिवस, सगळीकडे हसऱ्या आयांचे फोटो आहेत. ज्यांना दुखतंय त्यांच्यासाठी इथे लिहिते.

एका सरकारी रुग्णालयात गेले. तिथल्या नर्सताईंनी मला समोर बसवून पूर्ण वेळ पाजताना बघितलं. आजवर कोणीच बघितलं नव्हतं. डावीकडे मी बाळाची मान वळवून धरत होते, त्यामुळे तिचं तोंड पुरतं उघडत नव्हतं. उशी काढली, तिचं पोट माझ्या पोटाला लावलं, आणि त्याच पाजण्यात फरक जाणवला. जिभेखालचा पडदा आखूड आहे का तेही तपासलं, तो ठीक आहे.

माझं आणि बाळाचं औषध एकाच दिवशी सुरू केलं आणि दोघींचं पूर्ण केलं. तिचं तोंड स्वच्छ आहे, लालीही गेली. एसीचं तापमान वाढवलं, पलंगाची बाजू बदलली, शेक चालू आहे. पांढरं पडणं खूप कमी झालंय, पण एखाद्या गार पावसाळी रात्री अजून होतं. फ्लुकोनॅझोल लागलं नाही. डोमपेरिडोन बंद करूनही बाळाचं वजन व्यवस्थित वाढतंय.

ग्लुकोजची तपासणी केली, साखर अजून काठावरच आहे. आहार आणि चालणं सांगितलंय, पुन्हा तपासायचं आहे. काकू, तुम्ही विचारलं नसतं तर मी गेलेच नसते.

उजवीकडे थोडी खाज राहिलीय. नर्सताई लॅनोलिन बंद करून बघ म्हणाल्या, परवापासून बंद केलंय. कळवते.

---

गिरगावकर_काकू | ३ ऑगस्ट, सकाळी ८:४०

शाब्बास माझ्या लेकी. सासूबाईंना नमस्कार सांग.

आपल्या मुंबईत हे ज्ञान नवीन नाही ग. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली. आईच्या दुधासाठी एवढं काम या शहरातल्या पालिकेच्या रुग्णालयाने केलंय. पण बाई घरी गेली की तिला दुखतंय का हे विचारायला कोणी जात नाही, ते काम अजून राहिलंय.

---

नवी_आई_मुलुंड | १९ ऑगस्ट, दुपारी ४:१०

धागा शोधत आले. दोन प्रश्न. थ्रश असताना काढून फ्रीझरमध्ये ठेवलेलं दूध द्यावं का? आणि माझ्या फक्त उजव्या निपलवर खवले निघतात, खाज येते, मधे ओलसर होतं. बाळाच्या तोंडात काही नाही. क्रीम लावून महिना होत आला, काडीचा फरक नाही.

---

दादर_स्तनपान_सखी | १९ ऑगस्ट, रात्री ९:५०

थ्रश असताना अंगावर पाजायला हरकत नाही, आणि उपचार चालू असताना काढलेलं ताजं दूधही देता येतं. गोठवल्याने कॅन्डिडा मरत नाही. म्हणून त्या दिवसांच्या पिशव्यांवर खूण करून ठेव आणि उपचार चालू आहेत तोवरच त्या वापरून टाक, पुढच्या महिन्यांसाठी साठवू नकोस. मुदतीआधी जन्मलेलं किंवा आजारी बाळ असेल तर आधी डॉक्टरांना विचार.

दुसऱ्या प्रश्नावर सरळ सांगते. एकाच बाजूला, खवले, ओल, बाळाला काही नाही, क्रीमने फरक नाही. हे थ्रशसारखं वाटत नाही. बहुतेक वेळा हा एक्झिमा निघतो आणि योग्य औषधाने बरा होतो. पण निपलवर असंच दिसणारा पॅजेट नावाचा एक दुर्मिळ कर्करोगही असतो, म्हणून एका बाजूची न भरणारी जागा डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सोडायची नाही. याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञ किंवा स्तनांचे सर्जन यांच्याकडे जा. पाजतेय म्हणून "नंतर बघू" असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस, गरज पडली तर पाजत असतानाही तपासणीसाठी तुकडा घेता येतो.

आणि सगळ्यांसाठीच: ताप, थंडी वाजणं, स्तनावर लाल गरम कडक भाग असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, पाजणं चालू ठेवून. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरेनहाइट किंवा जास्त ताप, दूध ओढत नाही, दिवसभरात शू कमी झाली, तर थांबायचं नाही, लगेच रुग्णालय.

मुलुंड, जाऊन आलीस की इथे लिही.

---

नवी_आई_मुलुंड | २० ऑगस्ट, सकाळी १०:०५

शुक्रवारची वेळ मिळाली आहे. आई बाळाला सांभाळायला सोबत येतेय.